टिनाखालचा उन्हाळा आणि छतावरचा सूर्य

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि विदर्भात नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत यवतमाळहून अमरावतीकडे निघालेला माणूस नेरच्या बसस्थानकावर उतरला, तर दुपारी बारानंतर रस्त्यावर त्याला फारसे कोणी भेटत नाही. दुपट्टा बांधलेला एखादा दुचाकीस्वार, उसाच्या रसाची गाडी आणि दुकानांच्या शटरखाली सावली शोधणारी कुत्री, एवढीच काय ती वर्दळ. माणसे घरात असतात. घर म्हणजे सावली, उन्हाळ्यात घरात राहा, हा सल्ला दरवर्षी आरोग्य विभाग देतो, वर्तमानपत्रे छापतात आणि आपण एकमेकांना सांगतो. पण घर टिनाचे असेल तर?

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या हवेत आणि सावलीत असतो. यवतमाळचे तापमान ४४ अंश म्हणून छापले जाते ते त्या पेटीतले. थेट उन्हातला लोखंडी पत्रा दुपारी ६० अंशांच्या पुढे सहज जातो. तो पातळ असल्याने उष्णता धरून ठेवत नाही, लगेच खाली सोडतो. त्याखाली सात-आठ फुटांवर बसलेल्या माणसाला खोलीतल्या तापलेल्या हवेबरोबरच डोक्यावरच्या तव्याचाही ताप सोसावा लागतो. भाकरी तव्याला न लावता नुसती वर धरली तरी हाताला झळ लागते; तीच ही झळ, फक्त उलट दिशेने येणारी. पंखा लावला तर तो छताजवळचीच गरम हवा खाली ढकलतो. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असताना पंख्याने शरीर थंड होण्याऐवजी तापू शकते, म्हणून अशा वेळी पंख्यावर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. नेरच्या टिनाच्या खोलीत मे महिन्यातली कोणती दुपार ४० च्या खाली असते?

याच गावात अलीकडे दुसरे एक दृश्य वाढू लागले आहे. स्लॅबच्या घरांवर निळसर-काळ्या सौरपट्ट्या चढत आहेत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ मंजूर केली. तिचा खर्च ७५,०२१ कोटी रुपये आणि लक्ष्य एक कोटी घरांचे. एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळते. योजना चांगली आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. याच यवतमाळ जिल्ह्यात वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, शेजारी चंद्रपूरला कोळशावर चालणारे अवाढव्य वीज केंद्र आहे. त्या धुराची आणि राखेची किंमत विदर्भाने कित्येक पिढ्या मोजली आहे. ज्या वायूंमुळे उन्हाळे असह्य होत चालले आहेत ते कमी व्हायचे, तर कोळशाची जागा सूर्याने घ्यायलाच हवी. त्यात वाद नाही.

पण एक साधा हिशेब करून पाहू. ग्रामीण भागात पंतप्रधान आवास योजनेतून सपाट प्रदेशातल्या कुटुंबाला अख्खे घर बांधायला मिळणारी रक्कम १ लाख २० हजार रुपये. ती २०१६ मध्ये ठरली. त्या वेळचे सिमेंट, सळई आणि रेतीचे भाव कोणाच्या स्मरणात असतील तर त्यांनी आजच्या भावाशी ताडून पाहावेत. आणि ज्याचे तीन खोल्यांचे स्लॅबचे घर आधीच उभे आहे, ज्याच्याकडे फ्रिज, कूलर किंवा एसी आहे, त्याच्या छतावरच्या सौरपट्ट्यांना मिळणारे अनुदान ७८ हजार. म्हणजे गरिबाच्या संपूर्ण घराच्या रकमेच्या जवळपास दोन तृतीयांश. यात कोणी लबाडी केलेली नाही, नियम तसे आहेत. मोठे छत, मोठा वापर, मोठी क्षमता असेल त्याला मोठे अनुदान. बाकीची रक्कम भरायची ऐपत किंवा विनातारण का होईना, कर्ज मिळवण्याची पत त्याच्याकडे असते. छत भक्कम असावे लागते, वीज जोडणी स्वतःच्या नावावर असावी लागते आणि एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. बल्ल्यांवर आणि दगडांनी दाबून ठेवलेल्या पत्र्यावर पट्ट्या बसवता येत नाहीत. वादळात पत्र्यासकट उडतील.

यात आणखी एक विसंगती आहे. सौरपट्ट्या वीज तर देतातच, पण छतावर सावलीही धरतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये मोजमाप केले, तेव्हा पट्ट्यांखालच्या छताची आतली बाजू उघड्या छतापेक्षा दुपारी जवळपास तीन अंशांनी थंड आढळली. ज्याच्या घरात कूलर आधीच आहे त्याला वर ही सावली फुकट. शेजारच्या टिनाच्या खोलीत राहणाऱ्याला सूर्य पुरेपूर मिळतो, पण तो त्याच्या मीटरमध्ये उतरत नाही.

टिनाच्या घरात राहणाऱ्याचे वीजबिल मात्र उन्हाळ्यात वाढते. साधा कूलर ताशी सुमारे २०० वॉट खातो. दिवस-रात्र मिळून दहा-बारा तास चालवला तर महिन्याला साठ-सत्तर युनिट. एरवी दोन दिवे, दोन पंखे आणि टीव्ही धरून पन्नास-साठ युनिटांत भागणारे घर मे महिन्यात शंभरी ओलांडते, आणि राज्यात शंभर युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. भाड्याच्या खोलीत असेल तर घरमालक सबमीटर लावून स्वतःच्या दराने पैसे घेतो तो भाग निराळा. शिवाय कूलरला पाणी लागते. नळ चार-सहा दिवसांनी येत असेल तर घागर पिण्यासाठी ठेवायची की कूलरमध्ये ओतायची, हा प्रश्न घरातल्या बाईलाच सोडवावा लागतो. बहुतेक वेळा ती घागर पिण्यासाठीच ठेवते.

गरिबाचे घर टिनाचेच का असते, याचेही उत्तर शोधायला हवे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे इकडचे गाव आठवा: मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, वर सागाच्या किंवा बांबूच्या आढ्यावर कवेलू, परिस्थिती आणखी बेताची असेल तर पऱ्हाटी-तुराट्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप. त्या भिंती दिवसाची उष्णता पोटात घेत आणि ती आत पोहोचायच्या आधी रात्र होत असे. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. शासनाच्या दफ्तरात या घराचे नाव ‘कच्चे घर’. टिनाचा पत्रा आणि अर्ध्या विटेची भिंत म्हणजे त्याहून एक पायरी वरचे घर. मेच्या दुपारी कोणत्या घरात माणूस सुखाने झोपतो, हे दफ्तरात कोणी विचारत नाही. अर्थात जुन्या घरांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागत, माकडांची टोळी एका दुपारी शंभर कवेलू फोडून जाई, भिंतीत विंचू-साप निघत आणि मुसळधार पावसात भिंत खचली की माणसे दगावत. कवेलू बनवणारे कुंभार आणि फेरणारे हातही राहिले नाहीत. लोकांनी टीन घेतले ते शहाणपणाने. त्यात मूर्खपणा नव्हता. पत्रा एकदा टाकला की पंधरा वर्षे पाहावे लागत नाही, आणि उद्या जागा सोडावी लागली तर उपसून नेता येतो. हा शेवटचा फायदा किती जणांना महत्त्वाचा वाटतो, यावरूनच त्यांच्या पायाखालच्या जमिनीची खात्री कळते.

घरकुल मिळाले म्हणजे सगळे सुटले, असेही नाही. योजनेतल्या घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पावणेतीनशे चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. पैसे संपतात ते नेमके छताशी येऊन. मग अनेक ठिकाणी भिंती विटांच्या आणि वर पुन्हा टीन. ज्यांना स्लॅब जमतो त्यांचीही उष्णतेतून सुटका होत नाही. चार इंची सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खोलीत सोडू लागतो. टिनाचे घर दुपारी भाजते, स्लॅबचे रात्री. रात्रीचा हा ताप आरोग्याच्या दृष्टीने अधिक वाईट, कारण दिवसभर शेतात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर तापलेले शरीर रात्रीच सावरते. हृदयाचे ठोके उतरतात, मूत्रपिंडांना विश्रांती मिळते, झोप लागते. ही सावरण्याची वेळच हिरावली गेली, तर उन्हाचा ताप एका दिवसापुरता राहत नाही, तो साचत जातो. तान्ही मुले, गर्भवती, म्हातारी माणसे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि मानसिक आजारांची काही औषधे घेणारे यांना त्याचा फटका आधी बसतो. पूर्वी अंगणात बाज टाकून झोपायची सोय होती. आता वस्तीत अंगणच उरलेले नाही, डास आहेत, आणि घरातले पुरुष गल्लीत झोपले तरी तरण्या मुली व सुना दार लावून पत्र्याखालीच राहतात. उष्णतेची झळ घरातल्या घरातही सारखी वाटली जात नाही, ती अशी.

त्याच बाईला आणखी एका गोष्टीचा त्रास आहे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून आलेला सिलिंडर बहुतेक घरांत आहे, पण टाकी भरून आणायचे पैसे दर महिन्याला हाती असतीलच असे नाही. पऱ्हाटी आणि तुराट्या मात्र शेतातून फुकट मिळतात. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. खिडकी नसलेल्या टिनाच्या खोलीत चूल म्हणजे धूर आणि ताप दोन्ही. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासात, भारतात २०१९ या एका वर्षात घरगुती धुराच्या प्रदूषणाशी जोडले जाणारे मृत्यू सुमारे ६ लाख धरले होते. उष्णतेचे मृत्यू मोजणे तर याहून अवघड. टिनाच्या घरात दुपारी गेलेल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या कागदावर हृदयविकार लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. उष्माघात नोंदवायचा तर शरीराचे तापमान वेळेवर मोजावे लागते. तोवर तो रुग्णालयात पोहोचलेला नसतो.

म्हणून अशा वेळी तज्ज्ञ दुसरी पद्धत वापरतात: त्या महिन्यात एरवी किती माणसे जातात आणि त्या वर्षी किती गेली, याची वजाबाकी. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर ही वजाबाकी केली, तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. घराचे छत आणि मृत्यू यांचा संबंध तर त्याही आधी श्रीमंत देशांत दिसला होता. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेने सातशेहून अधिक माणसे मेली, त्यात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा धोका जास्त होता. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार बळी गेले. तिथल्या वृद्धांच्या अभ्यासात झोपण्याची खोली थेट छपराखाली असणे हा धोक्याचा एक घटक म्हणून पुढे आला. पॅरिसच्या माळ्यावर राहणारी म्हातारी आणि नेरच्या टिनाखाली राहणारी म्हातारी यांच्यात फरक पुष्कळ, पण छताचे भौतिकशास्त्र एकच.

आता सरकारला काहीच दिसत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ग्रामीण घरकुलाच्या रकमेत ५० हजारांची भर घातली: ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावर सौरपट्ट्या बसवण्यासाठी. त्याच वर्षी दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या पाच लाख ग्राहकांसाठी एक किलोवॉटची वेगळी योजनाही आणली. त्यात केंद्राच्या ३० हजारांत राज्य भर घालते आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला अडीच हजारांच्या आसपास रक्कम भरावी लागते. एक किलोवॉटमधून दिवसाला सरासरी चार युनिट निघतात. नेरमधल्या छोट्या घराची गरज त्यात भागून कूलरही चालेल. दिशा बरोबर आहे. पण याही योजना सुरू होतात त्या छतापासून. ज्याच्याकडे पट्ट्या पेलणारे छत नाही, ज्याच्या नावावर जागा नाही, जो भाड्याने राहतो, तो अर्जाच्या पहिल्या पानावरच थांबतो.

जागेचा हा गुंता विदर्भात जुना आहे. गावठाणाबाहेर, नाल्याकाठी, ई-क्लास जमिनीवर दोन-तीन पिढ्यांपासून राहणारी कुटुंबे आहेत. शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण राज्याने आखले, पण गायरान त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्येच गायरानावरील अतिक्रमणांविरुद्ध कडक भूमिका घेतली. पट्टा नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून छत नाही, छत नाही म्हणून सौर नाही. आता २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी याच सरकारी व गायरान जमिनींवर सौरप्रकल्प उभे राहत आहेत. रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप चावण्याची भीती या योजनेने कमी होईल, हा फायदा लहान नाही. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडेही मिळते. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला भाडे, ज्याच्याकडे विहीर आहे त्याला दिवसाची वीज, ज्याच्याकडे स्लॅब आहे त्याला अनुदान. भूमिहीन मजुराला यातले काय मिळते? त्याच्या बकऱ्या चरायची जागा तेवढी कुंपणात जाते.

इतर देशांत यावर विचार झाला आहे. जर्मनीत भाडेकरू आपल्या गॅलरीच्या कठड्याला दोन पट्ट्या टांगून ८०० वॉटपर्यंतची वीज थेट घरातल्या प्लगमध्ये सोडू शकतो आणि २०२४ मध्ये त्याचे नियम आणखी सोपे केले गेले. घर तापवण्याच्या इंधनावर जो कार्बन आकार लागतो, तो २०२३ पासून तिथे घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वाटला जातो. घर जितके वाईट बांधलेले, तितका मालकाचा वाटा मोठा. आपल्याकडे दिल्लीत एका ठिकाणी तयार झालेली सौर वीज अनेक ग्राहकांच्या बिलांतून वजा करण्याची सोय २०१९ पासून नियमांत आहे. नेरसारख्या गावात नगर परिषदेच्या शाळा, बाजार समितीचे शेड, तहसील कार्यालय यांची छते मोठी आणि दिवसभर उन्हात असतात. त्यावर तयार झालेली वीज टिनाच्या घरांच्या बिलांत वळती करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वीज मीटरच्या आकड्यांतूनच जाते, तिला कोणाच्या सातबाऱ्याची गरज नसते.

मात्र याहीआधी करता येण्याजोगे एक काम आहे, आणि ते इतके साधे आहे की त्याला योजना म्हणायचीही लाज वाटावी. छत पांढरे करणे. नवा जस्ती पत्रा चकचकीत दिसतो, ऊन परतही लावतो, पण घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडण्यात तो अगदी कंजूष असतो, म्हणून तापतो. गंजला की दोन्हीकडून नापास. पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर ऊन परत जाते आणि तापलेला पत्रा लवकर निवतोही. स्लॅबला चुन्याचे दोन हात पुरतात. पत्र्याला चुना धरत नाही, त्यासाठी टिकाऊ पांढरा रंग हवा. अहमदाबादेत झोपडपट्ट्यांत हे झाले आणि खोलीतले तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरल्याचे तिथले अनुभव आहेत. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचे पाच वर्षांचे धोरणच जाहीर केले. पत्र्याच्या आतून वीतभर अंतर ठेवून बांबूचे तट्टे ठोकले तर झळ आणखी तुटते, आणि बुरडाच्या हाताला काम मिळते. भिंतीत वर झरोका, समोरासमोर दोन खिडक्या. रंगाला जागेचा पट्टा लागत नाही. भाडेकरूच्या छतालाही तो देता येतो आणि अतिक्रमणातल्या घरालाही.

नेर-नबाबपूर नगर परिषदेने एखाद्या प्रभागात शंभर टिनाची घरे निवडून पन्नासांना रंग द्यावा, पन्नास तशीच ठेवावीत. दोन्हीकडे स्वस्तातले तापमापक टांगावेत, आशाताईंनी महिनाभर दुपारचे आणि रात्री दहाचे आकडे वहीत उतरवावेत. त्या कामाचा मोबदला त्यांना वेगळा द्यावा, एवढेच. यातून निघालेले आकडे मुंबईतल्या कोणत्याही सादरीकरणापेक्षा जास्त बोलतील. ज्या पन्नास घरांना पहिल्या वर्षी रंग मिळाला नाही त्यांना दुसऱ्या वर्षी आधी द्यावा.

फक्त वेळ पाळायला हवी. उष्णता कृती आराखड्याच्या बैठका आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये होतात आणि निविदा उघडेपर्यंत नवतपा येतो. तोवर पत्र्यावर चढलेल्या मजुराचे तळवे भाजू लागतात आणि रंग नीट बसायच्या आत वाळतो. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीतले आहे, होळीच्या आत उरकायचे. अंदाजपत्रकात तरतूद त्याही आधीच्या वर्षी लागते, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातल्या खोलीचे तापमान ठरवणारी फाईल या महिन्यात कोणाच्या तरी टेबलावर असायला हवी.